सोमवारपासून दारू बंद, पण घरच्या घरी नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोठा भाऊ, वय ४३. पंधराएक वर्षं पितोय, गेली चार वर्षं रोज, आणि आता रोजची अर्धी बाटली व्हिस्की. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, दोन घोट पोटात गेले की थांबतात. दीड वर्षापूर्वी त्याने घरच्या घरी एकदम सोडली होती. तिसऱ्या रात्री अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून तो चादर झटकत बसला, खोलीत नसलेल्या माणसांशी बोलायला लागला. शेवटी घाबरून वहिनींनीच ग्लास भरून दिला आणि तो झोपला. आता तो म्हणतोय, येत्या सोमवारपासून बंद. आईंचं म्हणणं, मनावर घेतलंय तर सोडेल. आणि कोणीतरी तुम्हाला एक गोळी सुचवली आहे, चहातून गुपचूप दिली की दारूची किळस येते म्हणे. सोमवारी त्याला बंद करू द्यावी का, आणि ती गोळी द्यावी का, हे तुम्ही विचारलंय.

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. म्हणजे सोमवार राहू द्या, तो बदलायचं कारण नाही. पण त्याआधी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चांगल्या फिजिशियनकडे न्या आणि पहिला आठवडा त्यांच्या देखरेखीखाली, शक्यतो दवाखान्यात भरती होऊन काढा. गोळीचं मात्र गुपचूप काहीच करू नका. ती गोळी वाईट नाही, ती चोरून देणं वाईट आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी त्या मुंग्यांबद्दल. दीड वर्षापूर्वी तुमच्या घरात जे झालं त्याला आम्ही डिलिरियम ट्रेमेन्स, बोलताना नुसतं 'डीटी' म्हणतो: दारू एकदम तुटल्यावर येणारा भ्रमाचा आणि थरथरीचा झटका. किंवा निदान तो त्याच्या उंबरठ्यावर होता. घरचे लोक हे सांगताना बहुतेक वेळा ओशाळतात, 'वेड्यासारखं करत होता' म्हणतात, आणि डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवली जाते. ताई, त्याच्या सगळ्या माहितीत मला सर्वांत महत्त्वाची ओळ हीच वाटते. तो किती पितो यापेक्षाही. ज्याला मागच्या वेळी डीटी किंवा फिट आली, त्याला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता जास्त असते. शिवाय दारू सोडणं आणि पुन्हा धरणं असे फेरे जितके होतात, तितका प्रत्येक पुढचा फेरा शरीराला अधिक जड जातो, कारण मेंदू दर खेपेला आणखी चिडका होत जातो. त्यामुळे 'मागच्या वेळी निभावलं, या वेळीही निभावेल' हा हिशेब इथे उलटा पडतो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे आईंना सांगता येईल. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. आणि चेतवणारं एक, ग्लुटामेट. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटतं. पण वर्षानुवर्षं रोज अशी झोप लादली तर मेंदू जागा राहण्यासाठी स्वतःची व्यवस्था बदलतो. गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटला दाद देणाऱ्या पेशींवरच्या जागा वाढवतो. दाराच्या एका बाजूने कोणी भार देऊन उभं असलं की दुसऱ्या बाजूचा माणूसही तेवढाच जोर लावतो, तसं हे आहे. दारू एका दिवसात काढून घेतली की पलीकडचा माणूस तोल जाऊन आत कोसळतो. निश्चय कितीही पक्का असला तरी पेशींना तो कळत नाही. त्यांना पूर्ववत व्हायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कोणीतरी दार धरून ठेवावं लागतं. ते काम औषध करतं.

वेळापत्रक साधारण ठरलेलं आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, उगाच भीती. म्हणून तर तुमच्या दादाचे हात सकाळी थरथरतात: रात्रभर दारू पोटात गेलेली नसते, आणि ती सकाळची थरथर म्हणजे रोजच होणारा छोटा विथड्रॉवल, दारू न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास, आहे. फिट आली तर बहुधा ६ ते ४८ तासांच्या आत येते. डीटी येते ती ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे सोमवारी सकाळी बंद केली तर बुधवार ते शुक्रवार. इथे घरचे हमखास फसतात. पहिला दिवस वाईट जातो, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं, सगळे म्हणतात सुटला एकदाचा, आणि तिसऱ्या रात्री माणूस कुठे आहोत, कोणता दिवस आहे हे विसरतो. ताप, घाम, अस्वस्थपणा, नाडी वेगाने चाललेली, भिंतीवर किडे. धड औषधोपचार नव्हते त्या काळात डीटी झालेल्या तिघांतला एक दगावत असे. आज वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण शेकडा ५ च्या खाली आहे. म्हणजे हा टाळता येण्याजोगा मृत्यू आहे, पण टाळायला कोणीतरी हजर लागतं.

भरती केल्यावर नक्की काय होतं, याचं कुतूहल आणि भीती दोन्ही असतात, म्हणून सांगतो. डॉक्टर किंवा नर्स दर काही तासांनी त्याच्याजवळ येतील आणि दहा गोष्टी तपासून गुण देतील. एकूण ६७ गुणांची ही मोजपट्टी जगभर वापरतात. त्याला हात समोर ताठ करून बोटं फाकवायला सांगतील. कधी कधी थरथर डोळ्यांना दिसतच नाही. मग त्याच्या बोटांच्या टोकांना आपल्या बोटांची टोकं लावून बघतात, तेव्हा बारीक थरथर हाताला लागते, आणि तिलाही एक गुण असतो. कपाळावर घामाचे थेंब आहेत का पाहतील. 'दिव्याचा उजेड डोळ्यांना खुपतोय का? कातडीवर काही चालल्यासारखं वाटतंय का?' असं विचारतील. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे प्रश्न चमत्कारिक वाटतात, पण मुंग्यांचा प्रश्न त्या यादीतच आहे. तुमच्या भावाला झालं ते इतकं ओळखीचं आहे. वाढत्या गुणांबरोबर औषध वाढवतात, उतरत्या गुणांबरोबर कमी करतात.

औषध बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, कारण ते पचवायला लिव्हरवर कमी ताण पडतो. या गोळ्या दारू जिथे काम करते तिथेच काम करतात, म्हणून पोकळी भरून काढतात, आणि साधारण ५ ते ७ दिवसांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणतात. शून्यावर, हे लक्षात ठेवा. घरी आल्यावर 'झोप येत नाही' म्हणून त्याच गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. दारू गेली आणि गोळी बसली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. त्यामुळे काही गोळ्या घरी दिल्याच तर त्या वहिनींच्या ताब्यात राहू द्या, मोजून.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. रोज पिणाऱ्याचं जेवण अर्धवट असतं आणि दारू आतड्यातून थायमिन शोषूही देत नाही. ते संपलं की मेंदूचा एक विशिष्ट भाग मरायला लागतो: माणूस गोंधळतो, डोळे नीट हलत नाहीत, चालताना झोकांड्या जातात. लोकांना वाटतं प्यायलाय. याचं वर्णन १८८१ साली कार्ल वेर्निके या डॉक्टरने केलं आणि आजार त्याच्याच नावाने ओळखतात. वेळीच इंजेक्शनं दिली नाहीत तर पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. माणूस पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो आणि ती जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरतो. म्हणून जिथे 'ग्लुकोजची बाटली लावा, दारू धुऊन निघेल' एवढाच उपचार करतात तिथे मला धास्ती वाटते. सलाइनने दारू धुतली जात नाही, आणि थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर आधीच संपत आलेलं थायमिन वापरलं जाऊन हाच आजार उफाळू शकतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज. तुम्ही डॉक्टरांना हे खुशाल विचारा, चांगला डॉक्टर रागावणार नाही.

सगळ्यांनाच भरती व्हावं लागतं असं नाही. कमी पिणारा, आधी कधी फिट किंवा भ्रम न झालेला, दुसरा मोठा आजार नसलेला आणि घरी चोवीस तास कोणी शुद्धीवरचं माणूस असलेला रुग्ण रोज डॉक्टरांना दाखवत घरीही सोडू शकतो. तुमचा भाऊ यात बसत नाही. अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिली. ४० टक्क्यांची धरली तर रोज सुमारे ११८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमचा एक प्रमाणित पेग धरते, त्या मापाने हे बारा पेग झाले.

भेट मिळेपर्यंतच्या दिवसांत काय करायचं, हे सांगताना मला नेहमी दोनदा सांगावं लागतं, कारण ऐकणाऱ्याला ते पटत नाही: तोवर त्याला एकदम बंद करायला लावू नका. बाटल्या ओतून देऊ नका, खोलीत कोंडू नका. आहे त्यापेक्षा वाढू नये आणि पोटात जेवण जावं, एवढंच बघा. आणि पुढीलपैकी काही दिसलं तर भेटीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या: फिट, ताप आणि असंबद्ध बोलणं, नसलेलं दिसणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, डोळे पिवळे, पडून डोक्याला मार. शेवटचं विशेष सांभाळा. पिणारा माणूस पडतो, दुसऱ्या दिवशी गुंगीत असतो, सगळे म्हणतात उतरली नाही अजून, आणि आत कवटीखाली रक्त साठत असतं.

इथपर्यंत झालं ते सोडण्याबद्दल. सोडणं आणि सुटलेली टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका आठवड्याचं आहे आणि ते जवळपास पूर्णपणे वैद्यकीय आहे. दुसरं वर्षाचं, खरं तर वर्षांचं आहे, आणि त्यात रुग्णाची स्वतःची मर्जी लागते. बहुतेक घरांत मी नेमकं उलटं पाहतो. ज्या आठवड्यात गोळी हवी तिथे निश्चयावर सोडतात, आणि पुढे जिथे निश्चय हवा तिथे चोरून गोळी देतात. तुमच्या पत्रातले दोन्ही बेत याच जातीचे आहेत.

आता ती गोळी. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण 'किळस येते' या वर्णनावरून ती डायसल्फिराम असणार. हे रसायन आधी रबराच्या कारखान्यांत वापरलं जायचं. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये दोन संशोधक त्याचा जंतांवरचं औषध म्हणून विचार करत होते, त्यांनी स्वतःवर घेऊन पाहिलं आणि नंतर मद्य घेतल्यावर चेहरा लालबुंद होऊन त्रास झाला, त्यावरून हा उपयोग सापडला. काम असं: शरीर दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं, हा विषारी पदार्थ आहे, आणि मग लगेच त्याला निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. विष साठतं. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात तोंड लाल, डोकं ठणकतं, उलट्या, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. जास्त प्यायलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसात हे जीवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते.

म्हणजे ही किळस नव्हे. गोळी घेऊन दारूची चव बदलत नाही, तलफही कमी होत नाही. तिचा उपयोग एवढाच, की घेतलेल्या माणसाला माहीत असतं आज प्यायलो तर भोगावं लागेल, आणि तो दिवसभराचा तो एक निर्णय सकाळीच घेऊन टाकतो. भीती माहीत असेल तरच उपयोगी. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखा बसणार, बारा पेग घेणार आणि कोसळणार. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनाही गोळीचं कळणार नाही, ते हार्ट अटॅक समजून धावपळ करतील. उद्या त्याला कळलं तर घरातल्या चहावरचा विश्वास जाईल, आणि पुढे खरी औषधंही तो तुमच्या हातून घेणार नाही. शिवाय शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ही गोळी सुरूच करायची नसते, आणि तिच्या काळात लिव्हरच्या तपासण्या करायच्या असतात. चोरीच्या मामल्यात हे कसं साधणार?

तो स्वतः तयार असेल, हृदय आणि लिव्हर ठीक असेल, आणि रोज सकाळी वहिनींच्या समोर गोळी घ्यायला त्याची हरकत नसेल, तर मात्र डायसल्फिराम काही जणांना फार चांगलं लागू पडतं. हे दोघांनी बोलून ठरवावं: वहिनी गोळी देणार, तो घेणार, आणि वहिनी दारूबद्दल दिवसभर दुसरा शब्द काढणार नाही. हा शेवटचा भाग मी मुद्दाम घालायला लावतो. त्याने घरातली निम्मी भांडणं संपतात. खोकल्याच्या काही औषधांत, माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, तेही टाळायचं असतं.

पर्याय आणखी आहेत आणि लोकांना ते फार कमी माहीत असतात. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करतं. एखादा ग्लास घेतला तरी तो पुढे ओढत नेत नाही. मात्र अफूवर्गातली वेदनाशामकं किंवा तशी नशा चालू असेल तर ते देता येत नाही. अकॅम्प्रोसेट तोच बिघडलेला ग्लुटामेटचा तोल सावरायला मदत करतं. दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, म्हणून लोक कंटाळतात, आणि किडनी ठीक असावी लागते. सिरोसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब झालेलं, असलेल्यांत बॅक्लोफेन या औषधाचा विचार करतात. कोणतं द्यायचं हे रक्ताच्या तपासण्या पाहूनच ठरतं. यातलं कोणतंही औषध एकट्याने दारू सोडवत नाही. तलफेचा जोर कमी करतं, म्हणजे माणसाला स्वतःचं डोकं चालवायला जागा मिळते.

आईंच्या 'मनावर घेतलं तर सोडेल' याचंही उत्तर द्यायला हवं, कारण त्या पूर्ण चुकीच्या नाहीत. मनावर घ्यावं लागतंच. पण मन हवेत लटकत नसतं. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं उदाहरण आम्ही शिकवताना नेहमी देतो. तिथे असताना त्यांच्यातले जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार धास्तावलं, की हे सगळे परत आल्यावर काय होईल. १९७०च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा माग काढला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले ५ टक्क्यांच्या आसपासच निघाले. हेरॉइन तेच, माणसंही तीच. बदललं ते सगळं भोवतालचं: जागा, सोबत, ताण, मिळण्याची सोय. आता तुमच्या भावाचं बघा. तो दवाखान्यातून त्याच घरात, त्याच खुर्चीत, संध्याकाळच्या त्याच वेळेला, त्याच मित्राच्या फोनकडे परत येणार. मेंदूने या सगळ्याची दारूशी गाठ मारून ठेवलेली असते. फोन वाजला की ग्लास समोर नसतानाच डोपामिन, मेंदूतलं ओढ लावणारं रसायन, उसळतं आणि तलफ उठते. म्हणून आमचं अर्धं काम संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेचं असतं. तो तेव्हा कुठे असेल, कोणाबरोबर, पोटात काही असेल का? उपाशी, चिडलेला, एकटा किंवा दमलेला माणूस सहज घसरतो. तलफ चढते, काही वेळ टिकते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तो अर्धा तास कसा काढायचा हे आधी ठरलेलं असेल तर निभावतं.

पहिल्या एक-दोन महिन्यांत झोप धड लागत नाही, चिडचिड होते. काही जण उदास होतात. हे दारूमुळेच आलेलं असेल तर न पिता दोन ते चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. त्यानंतरही राहिलं तर नैराश्याचा स्वतंत्र उपचार लागतो. 'मरून जावंसं वाटतं' असं काही बोलला तर मात्र आठवडे मोजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती ठळक दिसली: त्याच्या ऑफिसला फोन करून 'ताप आहे' असं त्याच सांगतात, आणि रात्री त्यानेच केलेली उलटी त्याच पुसतात. हे प्रेमाने, अब्रूच्या धाकाने होतं, दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण परिणाम असा होतो, की दारूची किंमत तो सोडून सगळे मोजतात. घरच्यांना शिकवण्याची एक पद्धत अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिची तुलना आणखी दोन पद्धतींशी केली. उपचाराला साफ नकार देणाऱ्यांपैकी किती जण अखेर उपचाराला आले, हे पाहिलं. सगळ्यांनी मिळून माणसाला समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के आले. ज्या घरच्यांना फक्त स्वतःला सावरायला, त्याच्यापासून मनाने अलग व्हायला शिकवलं, त्यांच्याकडचे १३ टक्के. आणि मेयर्स यांच्या पद्धतीने ६४ टक्के.

त्या पद्धतीचा गाभा असा. तो न प्यायलेला असेल तेव्हा त्याच्याबरोबर जेवा, बोला, फिरायला जा. प्यायला लागला की भांडण न करता उठून जा. त्याच्या पिण्याचे साधे परिणाम त्याला भोगू द्या: ऑफिसला फोन त्याचा त्याने करावा. आणि उपचाराचा विषय काढायचा तो प्यायलेला असताना कधीच नाही. एखाद्या सकाळी, त्याला स्वतःलाच लाज वाटत असते तेव्हा, दोन वाक्यांत: 'काल रात्री मुलं घाबरली होती. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते.' बस. 'तू आमचं वाटोळं केलंस' हे खरं असलं तरी त्या वेळी नको. त्याने माणूस बचावात जातो आणि न पिण्याची कारणं तुम्ही, पिण्याची कारणं तो, अशी वाटणी होते. तुमच्या बाबतीत एक मोठी जमेची बाजू आहे, सोमवारचा विषय त्याने स्वतः काढलाय. तो धरून ठेवा. 'तू ठरवलंस हे बरं झालं, मागच्या वेळी जीवावर बेतलं होतं म्हणून या वेळी डॉक्टरांच्या मदतीने करू' एवढं म्हटलं तरी पुष्कळ.

घरात मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला. आधी वहिनी आणि मुलं सुरक्षित जागी. व्यसन हा आजार आहे म्हणून मार खात राहावं, असं कोणत्याही उपचारात बसत नाही.

व्यसनमुक्ती केंद्र निवडायचं झालं तर इमारत बघू नका. रोज डॉक्टर येतो का, रात्री फिट आली तर काय करतात, घरच्यांना भेटू देतात का, आणि सोडल्यानंतर पुढचं वर्षभर काय, हे विचारा. मारून, बांधून ठेवून सुधारतो म्हणणाऱ्या जागेच्या पायरीवरूनच परत फिरा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगना त्याने निदान काही वेळा जाऊन बघावं. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांना सावरायला लागले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. पैसे लागत नाहीत. सगळ्यांना तिथली भाषा रुचत नाही, पण संध्याकाळच्या त्या तीन तासांतला एक तास तिथे जातो, हा फायदा मला फार मोठा वाटतो.

आणि तो घसरेल. म्हणजे घसरेलच असं नाही, पण शक्यता भरपूर आहे, निम्म्याच्या आसपास लोक पुन्हा कधीतरी पितात. दमा, रक्तदाब यांतही उपचार सुटून आजार उलटण्याचं प्रमाण साधारण असंच आहे. एका संध्याकाळी प्यायला म्हणजे 'ये रे माझ्या मागल्या' असं ठरवून टाकू नका. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन गेला तर बहुधा सावरता येतं. लपवलेला तिसरा दिवस मात्र पुन्हा अर्ध्या बाटलीवर नेतो. दारूखेरीज तो काही घेतो का, झोपेच्या गोळ्या, वेदनाशामकं, आणखी काही, हेही एकदा सरळ विचारा. अफूवर्गातली नशा करणारा काही दिवस थांबला की त्याची सहन करण्याची शक्ती उतरते, आणि पूर्वीचाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबतो. सुटून आल्यानंतरचे पहिले आठवडे त्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती आणि कोणती, शेवटचा घोट कधी, मागच्या वेळची ती तिसरी रात्र जशी घडली तशी, फिट कधी आली का, डोक्याला मार, चालू औषधं, रक्ताच्या उलट्या झाल्या असतील तर त्या. तो खोलीत असताना विचारलं तर तो निम्मं सांगेल.

शेवटी आईंचा प्रश्न, पुढे कधीतरी नुसती बिअर चालेल का. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे अडीच पेग. ८ टक्क्यांची असेल तर चार. शरीर बाटलीवरचं लेबल वाचत नाही. थोडं पिऊन थांबणारे लोक असतात, पण ज्याला एकदा डीटी झाली आहे त्याने पुन्हा प्रमाणात प्यायला लागून ते वर्षानुवर्षं टिकवलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. 'बिनअल्कोहोलची' म्हणून मिळते तिच्यातही पुष्कळदा अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं. डायसल्फिराम चालू असेल तर तीही नको, आणि नसेल तरी तो फेस आणि तो वास तलफ जागवायला पुरतो.